एक यंत्र आणि अनेक कामें



आपल्या घरांतील संगणकावर गाणें चालू असतें, त्याच वेळीं कोणी पत्र लिहीत असतो, परगांवच्या नातलगाची मूर्ति पडद्याच्या एका कोपऱ्यांत बोलत असते, आणि या सर्वांच्या आड एखादें मोठें हिशेबाचें कामहि चाललेलें असतें. पाहणाराला वाटतें कीं हीं सर्व कामें एकसमयावच्छेदेंकरून चाललीं आहेत. वस्तुस्थिति तशी नाहीं. संगणकाचें गणित करणारें जें मुख्य अंग, ज्याला प्रोसेसर म्हणतात, त्याचा एक गाभा साधारणतः एका क्षणीं एकाच कामाच्या आज्ञा पाळतो. आजच्या यंत्रांत असे चार, आठ किंवा त्याहूनहि अधिक गाभे असतात हें खरें. पण कामांची संख्या शेंकड्यांनीं मोजावी लागते. तेव्हां थोड्यांनीं पुष्कळांची सेवा करावयाची, आणि तीहि अशी कीं कोणालाहि आपण खोळंबलों असें वाटूं नये, असा हा प्रकार आहे.

हें वांटप करणारा जो अधिकारी यंत्रांत बसलेला असतो त्याला कर्नल म्हणतात. हा शब्द ऐकून एखाद्याच्या डोळ्यांपुढें लष्करी गणवेष उभा राहील. परंतु येथें त्याचा अर्थ कोयीच्या आंतील गर असा आहे. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून यंत्राची जी सगळी व्यवस्था, तिचा हा गर. कोणत्या कामाला किती स्मृति द्यावयाची, तबकडीवर कोणीं केव्हां लिहावयाचें, आणि प्रोसेसरचा वेळ कोणाला किती मिळावयाचा, हें सर्व हाच ठरवितो. या शेवटच्या कामापुरता त्याचा जो भाग त्याला शेड्यूलर असें नांव आहे. आज मला त्याची हकीकत सांगावयाची आहे. ती केवळ यंत्राची हकीकत नाहीं. वस्तु एक आणि मागणारे अनेक झाले म्हणजे आतां पाळी कोणाची, हा प्रश्न चाळीच्या नळावर उभा राहतो, पाटाच्या पाण्यावर उभा राहतो, दवाखान्याच्या बांकावरहि उभा राहतो. तेथें आपण भिडेनें, ओळखीनें किंवा आवाज चढवून वेळ मारून नेतों. यंत्राला भीड नाहीं. त्याला जो नियम घालून द्यावा तो तें अक्षरशः पाळतें. म्हणून नियमांत कोठें अन्याय असला तर तो तेथें झांकून राहत नाहीं, आणि याच कारणानें या इतिहासाला महत्त्व आहे.

या विद्येच्या पहिल्या अवस्थेला आपल्या पिठाच्या गिरणीची उपमा शोभेल. डबे ओळीनें ठेवलेले असतात. ज्याचा डबा आधीं त्याचें दळण आधीं. एकाचें दळण संपल्याशिवाय दुसऱ्याचें घेतलें जात नाहीं. १९५० नंतरच्या दहा वर्षांत संगणक असेच चालत. छिद्रें पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा कचेरींत नेऊन द्यावयाचा, आणि कांहीं तासांनीं, कधीं दुसऱ्या दिवशीं, छापील उत्तर घेऊन यावयाचें. एखादा स्वल्पविराम चुकला असला तर उत्तराच्या जागीं चूक दाखविणारी एक ओळ मिळे, आणि गठ्ठा पुन्हां रांगेच्या शेवटीं जाई. दोन गठ्ठ्यांच्या मध्यें यंत्र रिकामें राहूं नये म्हणून १९५६ सालीं जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या दोन कंपन्यांच्या लोकांनीं आयबीएम ७०४ या यंत्रासाठीं एक व्यवस्था रचली. एक काम संपतांच दुसरें आपोआप सुरू करावयाचें, एवढेंच तिचें काम. ऑपरेटिंग सिस्टिम या कुळांतील अगदीं पहिल्या मूळपुरुषांत तिची गणना होते.

आपल्याकडेहि हा काळ येऊन गेला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत स्वदेशीं बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० सालीं कामाला लागला, आणि १९६४ सालीं तेथें अमेरिकेंतून सीडीसी ३६०० हें मोठें यंत्र आलें. तेथेंहि शास्त्रज्ञांना कार्डांचे गठ्ठे देऊन आपल्या पाळीची वाट पाहावी लागे.

ही पद्धति त्या काळाच्या दृष्टीनें अडाणीपणाची नव्हती. यंत्राची किंमत लाखों डॉलर होती. माणसाचा तास त्या मानानें स्वस्त. तेव्हां यंत्रानें माणसासाठीं थांबावें यापेक्षां माणसानें यंत्रासाठीं थांबावें, हा हिशेब जमाखर्चाच्या वहींत बरोबरच होता. परंतु वहींत न दिसणारा एक तोटा त्यांत होता. विचार करणाऱ्या माणसाला आपली चूक ताबडतोब दिसली तर तो लगेच दुरुस्त करतो. सहा तासांनीं दिसली तर मधल्या वेळांत विचाराचा धागाच तुटतो. शाळेंत फळ्यावर उदाहरण सोडविणाऱ्या मुलाची चूक तेथल्या तेथें दाखविणें आणि वही आठ दिवसांनीं तपासून परत देणें, यांतील फरक शिक्षकाला सांगावयास नको.

हा तोटा ज्यांना प्रथम खुपला त्यांत दोघांचीं नांवें घेतलीं पाहिजेत. इंग्लंडमध्यें क्रिस्टोफर स्ट्रेची यांनीं १९५९ सालीं पॅरिस येथें भरलेल्या युनेस्कोच्या परिषदेंत वेळेच्या विभागणीवर निबंध वाचला. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींतील जॉन मॅकार्थी यांनीं त्याच वर्षाच्या आरंभीं आपल्या वरिष्ठांस एक टिपण लिहून अशी सूचना केली कीं, एकाच यंत्रावर अनेकांनीं एकाच वेळीं बसावें, यंत्रानें प्रत्येकाला अगदीं अल्प काळ द्यावा, आणि इतक्या त्वरेनें एकाकडून दुसऱ्याकडे जावें कीं प्रत्येकाला यंत्र आपलेंच आहे असें वाटावें. माणूस एक अक्षर टंकून दुसरें टंकीपर्यंत जो वेळ जातो त्यांत यंत्र हजारों आज्ञा पुऱ्या करूं शकतें. माणसाच्या या मंदपणांतच सर्वांना पुरेल एवढा वेळ सांठलेला आहे, ही त्या कल्पनेची खुबी.

कल्पना झाली, तरी ती अंमलांत आणण्याला एक अडचण होती. चालू असलेलें काम आपण होऊन यंत्र सोडील कशाला? एखादा कार्यक्रम फिरत्या आवर्तांत सांपडला तर तो जन्मभर फिरत राहील. म्हणून यंत्रांत एक घड्याळ बसवावें लागलें. तें ठराविक काळानें टोला देतें, टोला पडतांच चालू काम जेथल्या तेथें थांबतें, आणि सत्ता कर्नलच्या हातीं जाते. शाळेच्या घंटेसारखेंच हें आहे. गणिताचा तास कितीहि रंगांत आलेला असला तरी घंटा झाली कीं भूगोलाचे गुरुजी दारांत उभे. आजहि प्रत्येक संगणकांत असें घड्याळ असतें. लिनक्स या कर्नलमध्यें हे टोले सेकंदाला शंभरापासून हजारापर्यंत, जसे ठरवून द्यावे तसे, पडतात.

मॅसॅच्युसेट्सच्या त्याच संस्थेंत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांचे सहकारी यांनीं नोव्हेंबर १९६१ मध्यें आयबीएम ७०९ या यंत्रावर चार जणांना एकाच वेळीं बसवून या पद्धतीचें प्रात्यक्षिक दाखविलें. एकाची पाळी संपली कीं त्याचें अर्धवट काम चुंबकीय फितीवर उतरवून ठेवावयाचें आणि दुसऱ्याचें स्मृतींत भरावयाचें. या व्यवस्थेला पुढें सीटीएसएस असें नांव मिळालें, आणि ती १९७३ पर्यंत चालू राहिली. कॉर्बाटो यांना या कार्याबद्दल १९९० सालीं ट्यूरिंग पारितोषिक देण्यांत आलें.

येथें आपल्या गिरणीकडे पुन्हां वळूं. गिरणीवाल्यानें प्रत्येकाचें मूठमूठ धान्य दळावयाचें ठरविलें तर काय होईल? गव्हावरून ज्वारीवर आणि ज्वारीवरून हरभऱ्यावर जातांना प्रत्येक वेळीं जातें झाडावें लागेल, आणि दळण्यापेक्षां झाडण्यांतच दिवस जाईल. संगणकांतहि एक काम उतरवून दुसरें चढविण्याला खर्च पडतो. पाळी फार लांब ठेवली तर माणसें ताटकळतात. फार आंखूड ठेवली तर यंत्र झाडलोटींतच दमतें. या पेंचांतून कॉर्बाटो यांनीं काढलेली वाट १९६२ सालच्या त्यांच्या निबंधांत मांडलेली आहे, आणि ती आजहि शिकवितात.

त्यांनीं एक रांग न ठेवतां एकीखालीं एक अशा अनेक रांगा केल्या. वरच्या रांगेंतील कामाला वेळेचा एक भाग मिळतो. तेवढ्यांत तें पुरें झालें तर उत्तमच. न झालें तर तें दुसऱ्या रांगेंत उतरतें. तेथें पाळी उशिरां येते, पण आली म्हणजे दोन भाग मिळतात. तिसऱ्या रांगेंत चार, चौथींत आठ, याप्रमाणें दुप्पट होत जातें. शंभर भाग लागणारें एखादें काम घ्या. प्रत्येक वेळीं एकच भाग दिला तर त्याला शंभर वेळां चढवावें आणि उतरवावें लागेल. दुपटीच्या रीतीनें एक, दोन, चार, आठ, सोळा आणि बत्तीस मिळून सहा पाळ्यांत त्रेसष्ट भाग होतात, आणि उरलेले सदतीस भाग सातव्या पाळींत पुरे होतात. शंभराच्या जागीं सात! शिवाय कोणतें काम लहान आणि कोणतें मोठें हें आधीं कोणाला विचारावें लागत नाहीं. तें त्याच्या वर्तनावरूनच कळतें. तोंडच्या शब्दावर विश्वास ठेवला असता तर जो तो आपलें काम लहानच म्हणून सांगता.

या रचनेंत एक दोष मात्र आहे, आणि तो लहान नाहीं. वरच्या रांगेंत कोणी असेपर्यंत खालच्या रांगेकडे पाहावयाचें नाहीं असा नियम असल्यास, आणि वर सारखी भरती होत राहिल्यास, तळाच्या कामाची पाळी कधींच येणार नाहीं. यंत्रज्ञ याला उपासमार म्हणतात, आणि शब्द चपखल आहे. अशी एक आख्यायिका पाठ्यपुस्तकांतून सांगितली जाते कीं, मॅसॅच्युसेट्सच्या त्या संस्थेंतील आयबीएम ७०९४ हें यंत्र १९७३ सालीं बंद केलें तेव्हां १९६७ सालीं दिलेलें एक काम तळाशीं तसेंच पडलेलें आढळलें. गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यांतील तर्क खरा आहे. कोणाचाहि द्वेष न करतां, प्रत्येक पाळीला नियम बिनचूक पाळून, एखाद्याला सहा वर्षें उपाशीं ठेवतां येतें. यावर उपायहि साधा निघाला: जें काम जितका काळ थांबलें असेल तितकी त्याची पायरी चढवीत जावयाची, म्हणजे थांबणें हाच एक हक्क होतो. या उपायाला वार्धक्य असें नांव आहे.

१९६९ सालीं बेल लॅबोरेटरीजमध्यें केन थॉम्प्सन यांनीं पीडीपी ७ या लहानशा यंत्रावर युनिक्स या व्यवस्थेचा पाया घातला, आणि डेनिस रिची यांच्या साहाय्यानें ती पुढें वाढली. युनिक्सनें वरील न्याय आणखी सोपा केला. ज्यानें अलीकडे पुष्कळ वेळ घेतला असेल त्याची पायरी उतरते. जो थांबला त्याची चढते. आणि मागील उपभोगाचा दोष काळ जाईल तसा पुसट होत जातो. तेथें आणखी एक आज्ञा होती, तिचें नांव नाइस, म्हणजे भला माणूस. आपलें काम निकडीचें नाहीं असें वाटणारानें आपण होऊन मागें सरावें, ही तिची योजना. मात्र पुढें सरण्याचा अधिकार तिनें व्यवस्थापकाखेरीज कोणाला दिला नाहीं. सौजन्य सर्वांना मोकळें आणि अग्रक्रम एकाच्याच हातीं ठेवणाऱ्या त्या रचनाकारांना मनुष्यस्वभाव चांगला ठाऊक होता.

आतांपर्यंत सांगितलें त्यांत एखाद्याला उशीर झाला तर त्रास होतो, प्राण जात नाहीं. पण कांहीं कामांत उशीर म्हणजेच नाश. २० जुलै १९६९ रोजीं अपोलो ११ चें यान चंद्रावर उतरत असतां या प्रश्नाची कसोटी लागली. यानांतील संगणकाची लिहितां पुसतां येण्यासारखी स्मृति अवघी २०४८ शब्दांची होती. त्याचा शेड्यूलर हॅल लॅनिंग यांनीं रचिला होता, आणि त्यांत समान वांटणी नव्हती. प्रत्येक कामाला अग्रक्रमाचा आंकडा दिलेला होता, आणि वरच्या आंकड्याचें काम आलें कीं खालच्यानें बाजूला व्हावयाचें. यान सांवरणें आणि इंजिनाला आज्ञा देणें हीं वर. पडद्यावर आंकडे दाखविणें खालीं.

उतरण्याच्या ऐन वेळीं भेटीच्या रडारचा एक स्विच अशा स्थितींत होता कीं, विजेच्या एका विसंगतीमुळें रडारकडून संगणकाला निरर्थक इशाऱ्यांचा मारा होऊं लागला. ते इशारे मोजण्यांतच यंत्राचा सुमारें तेरा ते पंधरा टक्के वेळ जाऊं लागला. त्यांतच अंतराळवीरांनीं उंचीचा फरक पडद्यावर मागितला आणि भर पडली. कामें वेळेवर संपेनात. नव्या कामांना ठेवण्यास कप्पे उरेनात. आणि पडद्यावर १२०२ हा धोक्याचा आंकडा झळकला. उतरेपर्यंत असे इशारे पांच वेळां आले, त्यांतील एक १२०१ या आंकड्याचा. अशा प्रसंगीं यंत्रानें काय करावें हें रचनाकारांनीं आधींच ठरवून ठेवलें होतें. यंत्र क्षणार्धांत आपली पाटी पुसून पुन्हां सुरू होई, नोंदून ठेवलेलीं महत्त्वाचीं कामें जेथें थांबलीं होतीं तेथून उचली, आणि कमी महत्त्वाचीं टाकून देई. पृथ्वीवर ह्यूस्टन येथें जॅक गार्मन आणि स्टीव्ह बेल्स या पंचविशीच्या आगेमागे असलेल्या दोघा तरुणांनीं हा अर्थ ओळखला आणि इशारे असे तुटक येत आहेत तोंपर्यंत उतरण्यास हरकत नाहीं असा निर्णय दिला. यान सुखरूप उतरलें.

या प्रसंगाचें मर्म असें कीं, सर्वांना सारखें देण्याचा नियम त्या यंत्रांत असता तर पडद्यावरच्या आंकड्यांना आणि इंजिनाच्या आज्ञांना सारखाच उशीर झाला असता, आणि तो घातक ठरता. जेथें सर्वांना पुरणार नाहीं तेथें काय सोडावयाचें हें संकटापूर्वींच शांतपणें ठरविलेलें असावें लागतें.

त्यानंतर चार वर्षांनीं, १९७३ सालीं, लिऊ आणि लेलँड या दोघांनीं या अनुभवाला गणिताचें रूप दिलें. ठराविक काळानें पुन्हां पुन्हां करावयाचीं कामें असतील तर ज्याचा फेरा आंखूड त्याला अग्रक्रम वरचा द्यावा. आणि सर्व मिळून यंत्राच्या वेळाच्या सुमारें ६९ टक्क्यांहून अधिक मागणी नसेल तर, कामें परस्परांवर अवलंबून नसल्यास, कोणतेंहि काम आपली मुदत चुकविणार नाहीं, असा त्यांचा सिद्धांत आहे. मुदतीची हमी पाहिजे असेल तर थोडा वेळ हातचा राखून ठेवावा, हा बोध गृहिणींना नवा नाहीं.

परंतु कामें परस्परांवर अवलंबून असलीं म्हणजे? ४ जुलै १९९७ रोजीं मार्स पाथफाइंडर हें यान मंगळावर उतरलें, आणि कांहीं दिवसांतच त्याचा संगणक अधूनमधून आपोआप पुन्हां सुरू होऊं लागला. दर वेळीं त्या दिवसाचें राहिलेलें काम दुसऱ्या दिवसावर जाई. तेथेंहि अग्रक्रमाचीच पद्धति होती. मग बिघडलें कोठें?

शाळेचेंच उदाहरण घेतों. कचेरींत लिहावयाचें मेज एकच आहे, आणि हजेरीबूकहि एकच. कारकून हजेरीबूक घेऊन मेजावर लिहीत बसला आहे. मुख्याध्यापकांना तेंच बुक पाहिजे. ते मोठे खरे, पण बुक मधेंच ओढून घेतलें तर नोंद अर्धवट राहील, म्हणून ते थांबतात. इतक्यांत एक शिक्षक येतात. त्यांना बुकाशीं कर्तव्य नाहीं, पण कारकुनाहून मानानें मोठे म्हणून ते मेज घेतात आणि आपले पेपर तपासीत बसतात. कारकून उठला, त्याचें लिहिणें राहिलें; आणि मुख्याध्यापक एका शिक्षकाच्या पेपरांसाठीं ताटकळत उभे! कोणींहि नियम मोडला नाहीं, आणि तरी क्रम उलटा झाला. पाथफाइंडरमध्यें हवामानाच्या नोंदी करणारें काम हा कारकून होता, यानांतील माहितीची वाहतूक सांभाळणारें काम हे मुख्याध्यापक, आणि मधलीं कामें हे शिक्षक. वाहतुकीचें काम वेळेवर झालें नाहीं असें पाहून यंत्रांतील पहारेकरी सर्वच पुन्हां सुरू करी.

या व्याधीचें निदान शास्त्रज्ञांना आधींच माहीत होतें. औषधहि १९९० सालीं शा, राजकुमार आणि लेहोझ्की यांच्या निबंधांत सविस्तर आलें होतें. मोठा ज्याच्यासाठीं थांबला आहे त्या धाकट्याला, हातची वस्तु परत करीपर्यंत, मोठ्याचाच अधिकार द्यावा. म्हणजे मुख्याध्यापक थांबले असतां कारकुनाला मेजावरून कोणी उठवूं शकणार नाहीं. यानांतील व्यवस्थेंत ही सोय होतीच, पण त्या जागीं ती बंद ठेवलेली होती. अभियंत्यांनीं पृथ्वीवरील जुळ्या यंत्रावर तोच बिघाड घडवून आणला, कारण शोधलें, आणि ती सोय चालू करण्याची आज्ञा मंगळावर पाठविली. बिघाड थांबला.

आतां पुन्हां घरगुती संगणकाकडे येऊं. १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्स हा कर्नल लिहिण्यास आरंभ केला. त्याचा प्रत्येक शब्द कोणालाहि वाचावयास मोकळा आहे. त्याच्या वांटपाच्या नियमावर २००७ सालीं जो वाद झाला तो बोधप्रद आहे. त्या वेळचा शेड्यूलर इंगो मोल्नार यांचा होता. तो अतिशय चपळ होता, पण कोणतें काम माणसाशीं बोलणारें आहे हें अनेक आडाख्यांनीं ताडून त्याला झुकतें माप देई. आडाखा चुकला कीं गाणें अडखळे, पडदा थिजे. ऑस्ट्रेलियांतील कॉन कोलिवास हे पेशानें भूल देणारे डॉक्टर. त्यांनीं असें दाखविलें कीं, आडाखे टाकून देऊन सरळ न्यायानें वांटणी केली तरी काम भागतें. त्यांची रचना स्वीकारली गेली नाहीं. पण त्यांच्या विचाराचें ऋण मान्य करून मोल्नार यांनीं नवा शेड्यूलर लिहिला, आणि तो ऑक्टोबर २००७ मध्यें लिनक्सच्या २.६.२३ या आवृत्तींत आला.

त्याचें तत्त्व खतावणीसारखें आहे. प्रत्येक कामाच्या नांवें त्यानें किती वेळ वापरला तें मांडलेलें असतें, आणि ज्याच्या नांवें सर्वांत कमी त्याला पुढची पाळी. भारदस्त कामाच्या नांवें तोच वेळ हलक्या दरानें मांडतात, म्हणजे त्याला वांटा अधिक मिळतो. दोन कामांत एकानें एक पायरी भलेपणा पत्करला तर वांटणी अदमासें ५५ आणि ४५ अशी होते. झोपून राहिलेल्या कामाला उठल्यावर थोडी सवलत मिळते, पण सगळ्या झोपेचा वेळ व्याजासकट वसूल करतां येत नाहीं. तसें असतें तर दिवसभर निजलेल्यानें रात्रीं सर्व यंत्र अडवून धरलें असतें.

हा न्याय सोळा वर्षें चालला. तरी एक गांठ उरली होती. एखाद्या कामाला वेळ थोडाच पाहिजे, पण मागितल्याबरोबर पाहिजे. दुसऱ्याला पुष्कळ पाहिजे, पण केव्हांहि चालेल. नुसत्या खतावणींत किती आणि केव्हां हे दोन प्रश्न एकांत एक गुंतलेले होते. लवकर पाहिजे असेल त्याला अधिक वांटा मागावा लागे, आणि अधिक मागणें म्हणजे दुसऱ्याच्या ताटांतलें घेणें. इयॉन स्टॉयका आणि हुसेन अब्दुल वहाब यांनीं १९९५ सालींच ही गांठ कागदावर सोडविली होती. ज्याचें देणें राहिलें आहे तेवढ्यांनाच पात्र मानावयाचें, आणि पात्रांपैकीं ज्याची मुदत सर्वांत जवळ त्याला पाळी द्यावयाची. जो लहान घांस मागतो त्याची मुदत जवळची ठरते. घांस लवकर मिळतो, पण एकंदर पोटभर तितकेंच. ही रीति ऑक्टोबर २०२३ मध्यें लिनक्सच्या ६.६ या आवृत्तींत आली.

सहा दशकांच्या या खटाटोपांत एक गोष्ट स्पष्ट दिसते. प्रथम यंत्रज्ञांनीं क्रमाला न्याय मानलें, मग समान वांटणीला, मग निकडीला. प्रत्येक नियम आपापल्या जागीं खरा ठरला, आणि जेथें तो एकटाच उरला तेथें कोणीतरी भरडला गेला: तळाचें काम, रडारनें गांजलेलें यंत्र, हवामानाची नोंद करणारा कारकून. आपल्याकडे जेथें जेथें रांगा लागतात तेथें आपण बहुधा एवढेंच विचारतों, कीं आधीं आला कोण. रेशनच्या दुकानापासून रुग्णालयाच्या दारापर्यंत आणखी तीन प्रश्न विचारले गेले पाहिजेत. सर्वांत अधिक काळ थांबलें आहे कोण? कोणाला थोडेंच पण आतांच पाहिजे आहे? आणि पुरलें नाहीं तर काय सोडावयाचें, हें कोणीं, केव्हां ठरविलें आहे? यांचीं उत्तरें भिंतीवर लिहून लावण्याजोगीं असलीं, तर न मिळालेल्या पाळीचें दुःख राहील, पण अपमान राहणार नाहीं. कोलिवास यांच्यासारखा बाहेरचा मनुष्य बोट ठेवूं शकला तो नियम लिहिलेला होता आणि वाचावयास मोकळा होता म्हणूनच. जो नियम कोणाला वाचतां येत नाहीं त्याची तक्रारहि कोणाला नीट करतां येत नाहीं.